आवाज बसला

सोमवार

लेकीनं सासरी जाताना ही वही हातात दिली. म्हणाली, आई, तुझी बडबड ऐकायला आता मी नाही, इथे लिहीत जा. माझी शाळा चौथीतच सुटली. अक्षराला कुणी हसायचं नाही.

आज नव्या जागी आलो. आवाज रेकॉर्ड करायचा स्टुडिओ आहे, ह्यांना तिथे वॉचमनची नोकरी लागली. मागच्या अंगाला खोली, पाणी भरपूर, खिडकीत ऊन. मला तर बाई आवडली. टेम्पोवाल्यानं कपाट आपटलं, तर त्याला असा झापला की आतून एक चष्मेवाला धावत आला. वाटलं, आला हळू बोला सांगायला. जन्मभर तेच ऐकलंय. सासू, शेजारीण, बसमधली माणसं, सगळ्यांचं एकच, हळू. ह्याचं भलतंच. म्हणाला, बाई, हाच आवाज उद्या माईकवर द्याल का? सिनेमात भांडणाऱ्या, हाका मारणाऱ्या बायका लागतात. घ्या! आजवर फुकट ओरडत होते.

ह्यांचे कान कारखान्यातल्या मशीनांनी खाल्ले. माझी हाक तेवढी पोचते. म्हणतात, सगळं जग मुकं झालंय, तू तेवढी बोलतेस. कुठेही असोत, मी हाक मारली की ओ देतात. त्या एका ओवर माझा संसार चाललाय.

मंगळवार

चष्मेवाल्याचं नाव मी कानसेन ठेवलंय. डास शिंकला तरी ह्याला ऐकू येतं. काचेपलीकडे बसतो आणि बोट वर करतो, मग मी ओरडायचं. पडद्यावरची बाई नवऱ्याला हाक मारते, तिच्या तोंडात माझा आवाज. पोटातनं ओरडले, अहो, ऐकलं का! कानसेन खूश. म्हणाला, बाई, आवाज मस्त बसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बसला असेल तुझा, माझा गळा खणखणीत आहे. हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. त्यांच्यात बसला म्हणजे पडद्यावरच्या ओठांवर नीट बसला. आधी सांगायला काय झालं होतं?

बुधवार

माझा आवाज एका काळ्या डब्यात जातो. डबा त्याचे आकडे करतो. आवाज फार मोठा आला की डब्याजवळचे आकडे संपतात, मग आवाजाचा शेंडा कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून कानसेननं सॉफ्टचं बटण लावलंय. त्यानं शेंडा कापला जात नाही, हलकेच दाबून गोल होतो. दाबला की डब्यावर पिवळा दिवा लागतो. म्हटलं, म्हणजे तुझा डबासुद्धा मला हळूच म्हणतो की.

हेडफोन लावून ऐकलं. माझी हाक होती आणि तिच्या डोक्यावर एक बारीक सूर. मी काढलाच नव्हता. कानसेन म्हणाला, दाबलं की असे जादा सूर निघतात, मूळ आवाजाच्या तिप्पट उंच, पाचपट उंच, घाबरू नका, त्यानं आवाजाला गोडवा येतो. मी कशाला घाबरते? पण हाक संपली तरी तो सूर संपला नाही. थोडा वेळ राहिला. मग कुणी बोलायच्या आधी खाकरतं, तसा खाकरला.

शुक्रवार

दुपारी भांडी घासत होते. हे दारात खुर्ची टाकून बसलेले. एकदम ओ म्हणाले आणि उठून स्टुडिओकडे चालू लागले. मी हाक मारलीच नव्हती. दंडाला धरून आणलं. म्हणाले, तूच तर बोलावलंस, किती गोड बोलावलंस.

मी आणि गोड!

शनिवार

दुकानदार म्हणाला, ताई, जरा मोठ्यानं बोला. मला!

घरी येऊन ह्यांना हाक मारली. पेपर वाचत राहिले. पुन्हा मारली. ओ नाही. घसा दुखत नाही, खवखवत नाही. जोर लावावा तेवढा लावते, पण वर पोचलं की कुणीतरी दाबतं. हलकेच.

तडक कानसेनकडे. सॉफ्ट बंद कर म्हटलं. म्हणाला, कधीच केलंय. डब्याची वायरसुद्धा काढून दाखवली. पिवळा दिवा चालूच. माईकपुढे कुणी नाही. त्यानं हेडफोन कानाला लावला आणि पांढराफटक पडला. म्हणाला, बाई, आत कुणीतरी तुमच्या आवाजात हळू म्हणतंय. किल्ल्या ह्यांच्या हातात टाकल्या आणि गेला. पळपुटा.

मी नाही जायची. आवाज माझा, नवरा माझा.

रविवार

सकाळी अंथरूण रिकामं. किल्ल्या नाहीत.

स्टुडिओचं दार उघडं. हे आत, स्पीकरपुढे उभे. आतली ती माझ्या आवाजात बोलावते, हे ओ देतात. ती बोलावते, हे ओ. दर वेळी ओ आधीपेक्षा बारीक— ह्यांचाही शेंडा—

ओढलं. हलत नाहीत. डबा उचलून आपटला. फुटला. दिवा चालूच—

ओरडले. तोंड माझं उघडलं, आवाज स्पीकरमधून आला. गोड. हळू, म्हणे.

हळू? सासूला भीक घातली नाही, तुला घालीन?

वही कमरेला खोचलेली होती. बरं झालं. कागदाला सॉफ्टचं बटण नाही. पानभर मोठ्ठं लिहिते आणि ह्यांच्या डोळ्यांपुढे धरते. फाटला कागद तर फाटू दे—

मनगट कुणीतरी दाबतंय. हलकेच. दाब बाई, दाब. बघतेच मी—

अहो

ऐकलं का

इकडे वळ—