कोंडा साफ केला त्याची हकीकत

सौ. विठाताई विहीणबाई यांना हेंद्रेपाड्याहून संजीवनीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊंची साखर ताब्यात आहे ना? (संक्रांतीला त्यांनी चोरून चार लाडू खाल्ले ते मी पाहिलं होतं, पण पाहुण्यांसमोर बोलले नाही.) इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे मी, जितेश आणि पाल. तेजल तुमच्याकडे पालेगावला येऊन आज सोळा दिवस झाले. तिने तुम्हाला चार दिवस विश्रांतीला आले असं सांगितलं असेल. मुलगी तुमची गुणाची, सासूची चुगली करणार नाही, म्हणून माझी चुगली मीच करते.

लग्नात तुम्ही भांडी दिलीत, कपाट दिलंत आणि मागाहून टेम्पोतून काचेची एक पेटी आली, तिच्यात ही बुंदी. पिवळी, अंगभर काळे ठिपके, विलायती पाल. (भिंतीवरच्या फुकटच्या आमच्याकडे होत्याच, पण असो.) ती जिवंत अळ्या खाते हे मला माहीत होतं. त्या उल्हासनगरच्या दुकानातून डबीत येतात, एवढीच माझी समजूत. मला किळस वाटू नये म्हणून तेजलने कपाटावर, जुन्या चादरीमागे, एका टबात गव्हाच्या कोंड्यात आठ महिने त्यांची पैदास चालवली होती, ते मला कुठून कळणार? सतरा दिवसांपूर्वी वर्षाचे गहू उन्हात घालायला चादर हवी होती, ती ओढली तर हा टब. इतका छान कोंडा आणि नुसता वळवळतोय. मी तो चाळला, अळ्या गच्चीवर साळुंक्यांना घातल्या, कोंड्याला ऊन दाखवलं, बोरिक पावडर चोळली, कडुनिंबाचा पाला घातला, टब जागेवर ठेवला आणि सुनेचं एक काम हलकं केलं म्हणून समाधानाने चहा घेतला.

संध्याकाळी तेजलने टब उघडला. मी शाबासकीची वाट पाहत होते. ती मिळेना तेव्हा वर मीच सुनावलं की तीस वर्षांत माझ्या घरात धान्याला कीड लागली नाही आणि तू ती विकत आणून पाळलीस. हे बोलायला नको होतं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, या घरात माझं म्हणून तेवढंच होतं ना." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली.

मागे पाल उपाशी. जितेश एवढा मोठा घोडा, अंबरनाथला कंपनीत मशीन चालवतो, पण चिमट्यात अळी धरताना डोळे मिटतो. तेव्हा मीच उल्हासनगरला चंदूभाईच्या दुकानात गेले. त्याने बारीक पिवळ्या अळ्या दाखवल्या आणि बोटभर काळपट दाखवल्या. पैसे मोजून बारीक कोण घेतं? बोंबील निवडते तशा मी ठसठशीत निवडून आणल्या. त्यातली एक बुंदीच्या ओठालाच चावली. बुंदी तोंड फिरवून कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. चंदूभाई म्हणाला, "अम्मा, छिपकली का मुँह देख के कीडा लेने का." आता बारीकच आणते आणि घरात वाढवते. कीड होऊ नये म्हणून जन्मभर जे जे टाळलं ते ते आता मन लावून करते. कोंड्याला ऊन दाखवत नाही, कडुनिंब उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, पाण्याऐवजी गाजराची फोड ठेवते, ती ओली राहून बुरशी धरेल म्हणून रोज बदलते. अळीचे भुंगे झाले की वेगळे काढते, नाहीतर स्वतःचीच अंडी खातात मेले. नुकती कात टाकलेली पांढरी अळी सगळ्यात मऊ, ती बुंदीला पहिल्या घासाला. एवढं करून बुंदी काही खात नाही. पार वाळली आहे.

आता रविवारी पेटी पालेगावला पोचव, असा तेजलचा जितेशला निरोप आला आहे. तुम्हाला आधीच कल्पना असावी म्हणून सांगते, या प्रकाराला वास येतो, आणि भुंगे कधी पिठाच्या डब्यात जातील याचा नेम नाही. भाऊंना नमस्कार.

आपली,
संजीवनी

ता. क. वास फारसा येत नाही. पण तुम्ही तेजलला सांगा की पाल आपल्या घरात चालणार नाही. नवरा काय, दर रविवारी तिकडे येऊन जेवतोच. त्या पेटीसाठी तरी ती इकडे येईल, अशी मी आशा धरून आहे. पेटी गेली की मग कशासाठी येईल, ही मला भीती वाटते.

ता. क. २ : बुंदी उपाशी नाही. माझ्या हातून रोज सात अळ्या खाते, शेपटी अंगठ्याएवढी जाड झाली आहे. तेजलला मात्र वाळली असंच सांगा. एवढं खोटं तुमच्या तोंडून निघणार नसेल तर हे पत्रच तिच्या हातात द्या. माझं चुकलं असं म्हणायला तिला तीनदा फोन लावला, आणि तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवला.