कौलं माकडांनी फोडली नाहीत

बिजल बेटा,

माकडं आलीच नव्हती. त्यांचा तो शेपूटतुटका म्होरक्यासुद्धा मीच रचला. उत्तरायणाला कापलेला एक पतंग आपल्या घरावरून चालला होता. छपरावर चढणार नाही असं तुला वचन दिलेलं विसरलो आणि नव्यानं शाकारलेल्या कौलांवरून धावलो. पतंग मिळाला, कौलं गेली, खालची तुळईही तडकली.

माझ्या थापेपायी तू शेजारच्या मंजुलाबेनला म्हणालीस, "अजून घाला माकडांना रोटल्या, आमचं घरही खाऊ द्या!" आता ती सामाईक भिंतीला हात लावू देईना, आणि भिंतीशिवाय आपली नवी तुळई बसणार कशी?

मी तिच्या ओट्यावर माफी मागायला बसलोय. तिनं हाकललं तरी उठणार नाही. घरी यायला तोंड नाही. तू हाक मारलीस तर येईन.

पतंग तुझ्या उशाशी ठेवलाय. फाडून टाक.

— बापूजी