अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग

बाबा, आज वर्गात पुन्हा तुमची गोष्ट सांगितली आणि पुन्हा खोटी सांगितली. दरवर्षी अर्थिंगचा धडा आला की सांगते. चूक लेकीची आहे हे माझ्या बापानं ओळखलं होतं, तरी भर बैठकीत त्यानं ती स्वतःवर घेतली, असं रंगवून सांगते. एखादी मुलगी डोळे पुसते, मीही चष्मा काढून उगाच पुसते. आज मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "म्याडम, त्याईनं ओळखलं होतं हे तुमाले कसं समजलं?" बापलेकीत असं सांगावं लागत नाही, असं मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एक विद्या पक्की झाली आहे, उत्तर येत नसलं की आवाज खाली आणायचा. पोरीनं मान डोलावली. पण घरी आल्यापासून भाकरी गोड लागली नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून सांगते. मी वायरमनचा कोर्स करून नुकतीच गावी आले होते. वर्गात आम्ही दोघीच मुली, त्यात मी पहिली आलेली, त्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते. तुम्ही चालवायचात ती मच्छीमार सोसायटीची म्हातारी पिकअप अंगणात उभी होती. तलावाचे मासे बर्फात घालून सकाळच्या गाडीसाठी वडशाच्या स्टेशनावर पोचवायचे, एवढंच तिचं काम. बर्फाचं पाणी ठिबकून खालचं लोखंड खायचं, म्हणून दरवर्षी दसऱ्याला तुम्ही तिला खालून काळा रंग द्यायचात. त्या वर्षी तुम्ही बॅटरीच्या मायनसची पट्टी चेसिसवरून सोडवली, ती बसते तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, ब्रश माझ्या हाती दिला आणि झेंडूची फुलं आणायला सायकलवर गेलात. "घाई नोको करू माय, सावकाश देजो," एवढंच म्हणालात. ती घासलेली जागा सोड, असं सांगितलं नाहीत. पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीला ते सांगायचं तरी कशाला? रंगातून करंट जात नाही हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण ब्रश हातात आला की डोक्याला सुट्टी मिळते. सगळी चेसिस काळीभोर झाली, तेवढाच एक ठिपका चमकत होता. राहिला वाटतं, म्हणून मी त्यावर रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर पट्टी ठेवून बोल्ट बोटांनी बसवला. तुम्ही आलात, गाडीखाली शिरलात आणि पान्यानं तो आवळलात. तुमच्या आवळण्याची गल्लीत ख्याती होती. लोणच्याच्या बरणीला तुम्ही झाकण लावलं की आई म्हणायची, "आता ह्याले फोडूनच खा लागते."

पंधरा दिवस गाडी नीट चालली. मग तिचे चाळे सुरू झाले. सेल्फ मारला की टक् असा एक आवाज, आणि हॉर्न, दिवे, सगळं ठप्प. दोन धक्के दिले की पुन्हा जिवंत. तुम्ही टर्मिनलवर गरम पाणी ओतलंत, ग्रीस लावलंत, फ्यूज बदललात. वडशाच्या मिस्त्रीनं बॅटरी तपासून चांगली आहे म्हणून परत केली. तुम्ही स्टेशनावर इंजिन बंद करणंच सोडलंत. गाडी उतारावर लावायची म्हणून कधी कधी घरापासून लांब उभी करून चालत यायचात. तुम्ही त्या गाडीला घाबरायला लागला होतात, आणि मी ते पाहत होते. एका सकाळी तलावाच्या पाळीवर, माल भरलेला असताना, ती अजिबात उठेना. चाकं चिखलात, बायामाणसांनी मिळून ढकललं तरी हलेना. वडशाची रेल्वे निघून गेली आणि दुपारपर्यंत रोहू-कतल्याच्या पेट्या वास मारू लागल्या. त्या मासळीसाठी अर्धं गाव पहाटेपासून पाण्यात उभं होतं. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, सोमवारच्या बैठकीपर्यंत बिघाड सापडला तर ठीक. नाईतर चाबी दुसऱ्याच्या हातात." हीच ती चाबी, जी तुम्ही आंघोळीला जातानाही करदोट्याला अडकवून ठेवायचात.

रविवारी तुम्ही दुसऱ्या मिस्त्रीला विचारायला ब्रह्मपुरीला गेलात, आणि मी तुमचा टेस्ट लॅम्प घेऊन बसले. एक बल्ब आणि दोन तारा. तुम्हीच शिकवलेलं, "घरच्या लाइटले दोन तारा लागते. गाडीले एकच. दुसरी तार म्हनजे गाडीचं अंग." दिव्यांचं बटण चालू ठेवलं आणि बॅटरीच्या दोन टोकांना लॅम्प लावला, लख्ख पेटला. एक टोक प्लसवर ठेवून दुसरं मायनसच्या पट्टीवर टेकवलं, तिथंही लख्ख. मग तेच टोक दोन बोटं बाजूला, चेसिसवर टेकवायचं होतं. पण वर रंग, म्हणून खिळ्यानं खरवडायला लागले, आणि खरवडता खरवडता माझा हात थांबला. तरीही लॅम्प लावून पाहिला. बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल झाली, एवढंच. पट्टीपर्यंत करंट येत होता, गाडीच्या अंगात पोचत नव्हता. मध्ये माझे दोन हात होते. बोल्ट निघेना, पान्याला पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा सुटला. खाली काळी चकती, गुळगुळीत. बोल्टाच्या आट्यांना जेवढं लोखंड लागत होतं तेवढ्यावर गाडी इतके दिवस चालली होती. मी जागा घासली, पट्टी लावली, सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शेजारची काकू टाळ्या वाजवत बाहेर आली, "पोरीनं काढला वं बिघाड." मी पॉलिश पेपरचा काळा भुगा पायानं मातीत मिसळला.

तुम्ही बसमधून उतरून धावत आलात. "काय निंगालं, बाई?" सोसायटीचं नवीन ऑफिस बांधून होत आलं होतं आणि त्याची वायरिंग मला द्यायचं बोलणं चाललं होतं. माझं पहिलं काम. रंग म्हणाले असते तर ते काम गेलं असतं, असं मला वाटलं. खरं म्हणजे तेवढाही विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं, "बोल्ट ढिला होता." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलंत. "मीच तं आवळला होता," म्हणालात. मी पान्याला लावलेला पाइप उचलून आत नेऊन ठेवला.

सोमवारी बैठकीत तुम्ही उभं राहून सांगितलंत, "बोल्ट ढिला राह्यला, माह्या हातून." कोणी तरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "इतक्या वर्षांचा डायवर, अन् बोल्ट आवळता येत नाई? या हंगामाले तुमी आराम करा, भाऊ." चाबी दुसऱ्याकडे गेली. त्या हंगामात तुम्ही आपल्याच गाडीच्या मागे, पेट्यांवर बसून स्टेशनापर्यंत जात होतात. मी ऑफिसची वायरिंग केली. छान केली. उद्घाटनाला तुम्ही सगळ्यांना बटणं दाबून दाखवत होतात, "माह्या पोरीनं केलं."

पुढच्या वर्षी चाबी परत मिळाली. माझ्या वर्गातली गोष्ट इथंच संपते. यापुढचं मी कधी सांगत नाही. तुम्ही सीटखाली पाना ठेवायला लागलात आणि दर थांब्यावर उतरून तो बोल्ट पाहायला लागलात. लोक चिडवायचे, "भाऊ, पाय फुटले काय बोल्टाले?" तुम्हीही हसायचात. मग घरीही सुरू झालं. दाराची कडी लावून दोनदा ओढून पाहायची. बरणीचं झाकण लावलं की आईपुढे धरायचं, "पाह्य बरं, घट्ट बसलं ना?" नळ बंद करून परत जाऊन हात लावायचा. ओळखून चूक अंगावर घेतलेला माणूस असं करत नाही, बाबा. एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतलात. मग आजारी पडलात, दवाखान्यात सलाइनच्या चाकाकडे बोट करून नर्सबाईंना विचारत होतात, ढिलं तर नाही ना. मी उशाशीच बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं.

हे पत्र तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही म्हणणार नाही. ज्याला सांगायला हवं ते माणूस गावी बसलं आहे आणि त्याला नीट ऐकू येतं. परवा गेले होते तर आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुह्या बाबाचा हात शेवटी ढिला पडला होता माय." मी "हो" म्हणाले आणि तिच्यासोबत तांदूळ निवडत बसले.