डिस्कला तेल

रविवार, १९ नोव्हेंबर २०१७
लालबाग

सायकल आज विकली गेली असती. ऑफिसच्या स्पर्धेत जिंकलेली, कार्बनची, जेमतेम वापरलेली. ती खोलीत आल्यापासून बाबा गॅलरीत झोपतात. थंडीच्या आत ती जायलाच हवी.

समोरच्या टॉवरमधला मुलगा बघायला आला. त्याने ब्रेक दाबला, तरी चाक फिरतच राहिलं.

“काका, डिस्कला तेल लावलंत?”

“सकाळीच! एक जागा सोडली नाही,” बाबा ऐटीत म्हणाले. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, यंत्र दिसलं की तेल घालणारच.

“ब्रेक नीट झाला की कळवा,” म्हणत मुलगा हसू दाबत गेला.

बाबांना लागलं असेल, असं मला वाटलं. पण ते ब्रेकच्या त्या चकतीवर बोट फिरवत होते.

“मग ही थांबते कशावर गं?”

“घासून, बाबा.”

“घासून? आमच्याकडे साचा घासला की वरचा जॉबर आईबहीण काढायचा!”

संपानंतर गिरणीचं नावही न काढणारे बाबा! मग मी विचारत गेले, ते सांगत गेले. तेल कुठे, किती, आवाज कसा.

ब्रेकचं उद्या बघेन. पण साचा थांबवायचे कसा, ते राहिलंच. बाबा गॅलरीत अंथरूण घालतायत. विचारून येते.