उडून चाललेली हवा

प्रिय ठमाबाई,

शनिवारी तुझं व्याख्यान ऐकलं. दचकू नकोस. तुला न कळवताच आलो होतो, शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो होतो. शेजारच्या बाईंना सांगणार होतो, 'ही माझी मुलगी,' पण जीभ रेटेना.

जन्मभर वेल्डिंग केलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार, असं वाटलं होतं. पण तू किती सोपं करून सांगितलंस! गुरूएवढा अवाढव्य ग्रह, आपल्या ताऱ्याला इतका बिलगलेला की त्याचं वर्ष साडेतीन दिवसांत संपतं. तेवढ्या वेळात माझ्या हातून एक फाटकही पुरं होत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना साध्या प्रकाशात तारा शंभरात दीड भाग मंदावतो, आणि अतिनील प्रकाशात पाहिलं तर चक्क पंधरा भाग. "ती त्याची हवा आहे," तू म्हणालीस, "तापून फुगलेली, अवकाशात उडून चाललेली." पडद्यावरची ताऱ्याच्या उजेडाची रेघ खोल खाली गेली, आणि ग्रह पुढे सरकला तरी लगेच वर येईना, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. जिथं कुणी कधी जाणार नाही, तिथलं वारं माझ्या पोरीनं मोजलं, तेही नुसत्या सावलीवरून! माझे हात आपोआप जोडले गेले.

मग कुणीतरी विचारलं, या न दिसणाऱ्या प्रकाशाचं वेड कुठून लागलं? तू हसून म्हणालीस, "प्रवेशाचं पत्र टपालात रखडलं, माझं वर्ष बुडालं. ते वर्ष बाबांच्या वर्कशॉपमध्ये काढलं. ते म्हणायचे, ठिणगीला काय भ्यायचं, ती दिसते तरी. डोळे जाळतो तो न दिसणारा उजेड." टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आलो.

तीन दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. ठमे, ते प्रवेशाचं पत्र वेळेवर आलं होतं. तुझी आई जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तूही गेलीस तर घर खायला उठेल, या भीतीनं मी ते हत्यारांच्या पेटीत तळाशी दडवलं, मुदत उलटेपर्यंत. तू टपालवाल्याशी भांडून रडत घरी आलीस, तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुझ्या या वेडाचं श्रेय तू भरल्या सभेत मला दिलंस, ते असं घेववत नाही. रागाव, हवं तर बोलू नकोस. पण पुन्हा कुठं ती गोष्ट सांगशील, तेव्हा खरी सांग.

तुझाच,
बाबा