गाठीपुरता दोरा

१२ जानेवारी, सोमवार
वर्गात वीसच पोरं उरली! प्रतीक्षानं आल्या आल्या पर्स आपटली. नात माही — इथं अमरावतीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तेबी ज्याईले त्यातलं काहीच येत नाई अशा पोराईले, कोणी इतिहासाचं, कोणी मराठीचं. विसाच्या खाली गेले की वर्ग बंद, अन् तिची नोकरीबी. मी म्हटलं, "नाई होत बंद. जेव पयले."

१३ जानेवारी
आता तिच्या वर्गातली आचल शिकणं सोडतो म्हणते. धारणीची पोरगी, हॉस्टेलात राहते. "मॅडम, माह्या डोक्यात नाई घुसत." ती गेली की एकोणीस! काय नाई घुसत म्हटलं. त प्रतीक्षा सांगे — तेच काम परत परत कराले कॉम्प्युटरले कसं सांगायचं, अन् कवा थांब म्हणायचं.
हात्तिच्या! हेच त मी चाळीस वर्षं अकोल्याच्या फुलबाजारात केलं. चार शेवंती, एक झेंडू. परत चार, एक. दोरा सरला, थांबा.
प्रतीक्षा पाहातच राहिली. "आजी, परवा चाल माह्यासंगं."
तिसरी शिकलेली मी, अन् कॉलेजात!

१४ जानेवारी
संक्रांत. हिरव्या लुगड्याले इस्त्री केली.

१५ जानेवारी
गेली! टोपलीभर फुलं, सुया, दोरा घेऊन. चपला दाराबाहेर काढल्या त पोरं हसली. हसा म्हटलं. आचल मांगच्या बाकावर, तोंड पाडून.
पयले सगळ्याईनं हार ओवला. मंग तेच कॉम्प्युटरले लिहून दिलं — चार, एक, दोरा हाये तवर ओव. आचलचं चाललंबी! पडद्यावर आलं: हार तयार, दोरा शून्य. टाळ्या!
मी म्हटलं, "काहून वं बाई, गाठ काय केसानं मारशीन?"
गाठीले वीतभर दोरा राखा लागते, हे यंत्राले कोणी सांगितलंच नोयतं! प्रतीक्षालेबी नाई सुचलं — माह्या टोपलीपाशी वाढली तरी! आचल खो खो हसली. मंग तिनंच दुरुस्त केलं: दोरा वीतभराहून जास्त हाये तवरच ओव.
जाताना मले विचारते, "आजी, सोमवारी येसान का?"
म्हणजे ती येणार!

१९ जानेवारी
विसाचे वीस. मी म्हटलंच होतं.

२३ जानेवारी
प्रतीक्षाले ताप, घरीच झोपून. वर्ग बुडला म्हणून रडून राहिली. तीन वाजता आचलचा फोन — "मॅडम, वर्ग झाला. मीच फळ्यापाशी उभी राहिली. दोघं नवीन आले, त्याईले पयलेच सांगितलं — गाठीपुरता दोरा राखा."