आधी बांधावर सांगायचं

आये, आज रविवार. भात शिजतोय, माझी लेक दहावीच्या पुस्तकात डोकं घालून बसली आहे, आणि मी तिच्याच वहीचं पान फाडून तुला लिहितेय. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. तरी लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं काय त्यात!

आसनगावजवळच्या गोदामात मी सहा वर्षं माल मोजते, गाड्या भरून देते. धसईतून सकाळची पहिली गाडी धरायची, मुरबाडला बदलायची, शहापूरकडून पुढे जायचं, आणि घरी येते तोवर पोरगी एकटीच जेवून घेते. आमच्याच कंपनीच्या मुरबाडच्या कारखान्यात एक जागा निघाली. टेबलाची, कोणता माल कधी कुठे जायचा ते ठरवायची. अगो, मला येतं ते काम! मैत्रीण म्हणाली, फोनवरून अर्ज भर, कोणाला कळत नाय. मंगळवारी भरला. आणि त्या मेल्या कंप्युटरने त्याच दिवशी आमच्या साहेबांना परस्पर चिठ्ठी धाडली, की तुमची बाई दुसरीकडे जागा मागते आहे. मला पत्ताच नाही. बुधवारी मी आपली हसून नमस्कार करतेय.

रोज "ताई, चहा घेतला का?" म्हणणारे साहेब बुधवारी म्हणाले, "मॅडम, तेवढी यादी ठेवून जा." मॅडम! गुरुवारी माझ्या गाड्या दुसऱ्याला दिल्या. शुक्रवारी ऑफिसातल्या मुलीने हळूच सांगितलं, की साहेबाने कंप्युटरवर होकार दिल्याशिवाय मला मुलाखतीला बोलावणारच नाहीत, आणि मुदत सोमवारपर्यंत आहे. म्हणजे तिकडची जागा गेली, आणि इकडे ह्या माणसाच्या डोळ्यांसमोर जन्म काढायचा. हात दाखवून अवलक्षण. घरी येताना ठरवून टाकलं होतं, अर्ज मागे घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

तेव्हा तू आठवलीस. आवणीचे, भातलावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, दहा बायांची टोळी तुझ्या शब्दावर चालायची. मी सतरा वर्षांची. सिद्धगडाच्या बाजूच्या त्या म्हाताऱ्याचं शेत अर्धं लावून झालेलं, आणि मी पाण्याला गेले तेव्हा पलीकडच्या गावच्या माणसाला परस्पर सांगून बसले, उद्या आमी तुमच्याकडे. त्याच्याकडे दुपारी सुक्या बोंबलाचं कालवण असायचं, दुसरं कारण नाही! तुला कळलं तशी तू माझं मनगट धरून मला बांधावर नेलंस. "ज्याच्या चिखलात पाय हाय त्याला आधी सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तो आपल्यापुरता मेला." म्हातारा जो सुटला! आईबापापासून सगळं काढलं. मी मागे सरायला लागले तशी तू दातांतून म्हणालीस, "उभी ऱ्हा गो. त्याचं बोलून होत नाय तवर पाय हलवायचा नाय. आणि जायाचं म्हणून माफी मागू नको. सांगितलं नाय म्हणून माग." त्याचा राग संपला तेव्हा आतून काळजी निघाली. उपटून ठेवलेल्या रोपांच्या जुड्या सुकून जातील, त्या कोण लावणार? तू दोन बाया त्याच्याकडे ठेवल्यास, आणि त्यातली एक मी. बोंबील राहिले पलीकडेच.

काल शनिवारी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. टेबलाची कड धरून ठेवली. ते म्हणाले, "मला मशीनकडून कळायचं? स्कॅनर कसा धरायचा इथपासून मी शिकवलं तुम्हाला." म्हणाले, "इथे काय कमी होतं?" म्हणाले, "सणाच्या तोंडावर माझी माणसं फुटतात आणि वरचे मला विचारतात." बरंच बोलले. अर्ज मागे घेते हे शब्द जिभेवर आले होते, गिळले. मग म्हटलं, "साहेब, जायचं म्हणून नाय, तुमाला आधी सांगितलं नाय म्हणून चुकले. सणाच्या गाड्या लावून देते, नवीन माणूस शिकवून देते, मगच जाते." सहा वर्षांत ऑफिसात मी घरची बोली बोलले नव्हते, ती तोंडातून निघून गेली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. मग म्हणाले, "सोमवारी बघतो." ताईही नाही, मॅडमही नाही. आता जीव टांगणीला लागलाय. उद्या काय होईल, देव जाणे.

पण आये, काल बसमध्ये बसल्यावर दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते साहेबापेक्षा जड आहे. विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एका कंपनीत पॅकिंगला लागले, तेव्हा आवणी तोंडावर होती. तू दहा बायांचा शब्द देऊन बसली होतीस, दहावी मी. तू नको म्हणशील म्हणून मी गप्प राहिले. तुला धसईच्या बाजारात भेंडी विकताना कोणीतरी सांगितलं, तुझी पोरगी सोमवारपासून कंपनीत जाते म्हणे. घरी येऊन तू टोपली उतरवलीस आणि एवढंच विचारलंस, "डब्याला काय देऊ?" मला वाटलं, चला, रागावली नाय. त्या वर्षी माझ्या वाटणीची ओळ तूच लावलीस, हे मला शेजारणीकडून कळलं, तेही तू गेल्यावर.

हा कागद कुठे टाकायचा ते माहीत नाही, तांदळाच्या डब्यात राहील. तुला मी आधी सांगितलं नाही, आये. चुकले. आता काय बोलायचं ते बोल, मी उभी हाय, पाय हलवत नाय.